खालचा माणूस

नानांच्या घरी गेलेल्या माणसाला आधी पाणी मिळत नाही, आधी परीक्षा द्यावी लागते. दारात चपला काढल्या की नाना मनगट धरून तुम्हाला बैठकीच्या खोलीत नेतात. तिथे लोकांच्या घरी टीव्ही असतो त्या जागी काचेची मोठी टाकी आहे. तिच्यासमोर उभं करून ते विचारतात, "दख बरं, मासा कोठे शे?"

टाकीत वाळू दिसते, बुडबुडे दिसतात आणि सात-आठ दगड दिसतात. दगडांवर शेवाळ आहे, खड्डे आहेत, एकदोन तर किडल्यासारखे वाटतात. मासा कुठेच दिसत नाही. गॅसचं सिलेंडर घेऊन आलेला माणूस म्हणाला होता, "मेला का नाना? कधी काढला?" पोलिओच्या डोसवाल्या बाईंनी बराच विचार करून काचेला चिकटवलेल्या थर्मामीटरकडे बोट दाखवलं. नाना कोणालाच हसत नाहीत. मिनिटभर वाट पाहतात, मग लांब चिमट्याने वाळूतला एक दगड दाखवतात. सगळ्यात कुरूप. "बठ्ठा दगडच दिसतस ना तुले? हाऊ दगड नही शे. जित्ता शे!"

मग पाणी येतं.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा खोली बघायला गेलो होतो. आमचं गाव पहूरपासून आत आहे. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे जळगावात खोली कशी शोधतात हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. वडिलांनी एवढंच सांगितलं होतं की घरमालक काही विचारेल, त्याची नीट उत्तरं दे. मी रस्ताभर पाठ करत होतो: नाव, गाव, कोणता वर्ग, जेवण कुठे, मित्र येणार का. नानांनी यातलं काहीच विचारलं नाही. मासा विचारला. मी घाबरून एकामागून एक सगळे दगड दाखवले आणि नेमका तोच राहिला. मला वाटलं, गेली खोली.

"रविवारी सकाळी घरी असतोस का?" नानांनी विचारलं.

"असतो. म्हणजे, असेन."

"मग सामान आण."

मागची खोली मला मिळाली. तिथे मी तीन वर्षं राहिलो.

तो मासा समुद्रातल्या प्रवाळात राहतो. त्याला दगडमासा म्हणतात. तो दगडासारखा पडून राहतो आणि समोरून खाणं गेलं की डोळा लवायच्या आत गिळतो. त्याच्या पाठीवर तेरा काटे आहेत आणि त्यांत विष आहे. काटा लागला तर माणूस वेदनेने वेडा होतो, जीवही जाऊ शकतो. हे सगळं मी नंतर मोबाइलवर वाचलं आणि त्या रात्री खोलीच्या दाराला आतून कडी लावून झोपलो, जणू तो टाकीतून उतरून चालत येणार होता.

नाना त्याला 'साहेब' म्हणत. नानांची सगळी नोकरी वीज खात्यात लाइनमन म्हणून गेली. मी नावाचं कारण विचारलं तेव्हा ते म्हणाले, "आमचे एक साहेब होते. असेच बसायचे. तोंड असंच, वाकडं. दिवसभर हलायचे नाहीत. लोक म्हणायचे, झोपले. जवळ गेलं की कळायचं."

जळगावच्या उन्हाळ्यात समुद्रातला मासा ठेवणं म्हणजे काय, हे इथे राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. मे महिन्यात आमच्याकडे नळाचं पाणी अंगावर घेताना चटका बसतो. नानांनी कूलरचं तोंड टाकीकडे केलं होतं. स्वतः ते बाजूला, टॉवेल ओला करून डोक्यावर घेऊन बसत. फ्रीजच्या वरच्या कप्प्यात पाण्याच्या बाटल्या गोठवलेल्या असत, त्या दोरीला बांधून टाकीत सोडायच्या. शेजारच्या सुशीलाअक्का एकदा कैरीचं लोणचं द्यायला आल्या आणि ते बघून दारातच थबकल्या. "काय हो नाना, मासा गारेगार अन् तुम्ही घामाघूम? पुढल्या जन्मी मलेबी तुमच्याकडचा मासाच कर म्हनावं देवाले."

"अक्का, तुम्हाला काटे आधीच आहेत," नाना म्हणाले.

लोणचं मात्र अक्कांनी दिलं.

आणि मीठ. घरात एकटा माणूस, आणि स्वयंपाकघरात मिठाच्या पिशव्या. साधं मीठ नाही, टाकीचं वेगळं. ते मोठ्या बादलीत पाण्यात घालून लाकडी दांड्याने ढवळायचं, काचेच्या नळीने खारटपणा मोजायचा, पुन्हा ढवळायचं. नाना याला "समुद्र कालवणं" म्हणत. शनिवारी संध्याकाळी मी खोलीत अभ्यास करत असलो की हाक यायची, "ए कॉलेजभाऊ, समुद्र कालवला बरं का!" नानांनी स्वतः समुद्र कधीच पाहिलेला नव्हता. ते साक्रीकडचे, नोकरी सगळी धुळे-जळगावातली. मुलगी सुरतेला दिलेली, पण तिच्याकडे गेले तरी समुद्रापर्यंत कधी गेले नाहीत. मी विचारलं, "नाना, समुद्र खरंच इतका खारट असतो का?" तर म्हणाले, "साहेब तक्रार करत नाहीत, म्हणजे असेल."

नाना शाकाहारी आहेत. अंडंही नाही. पण साहेबांना झिंगे लागतात. त्यामुळे आठवड्यातून दोनदा नाना तोंडाला रुमाल बांधून, हातात स्टीलचा डबा घेऊन मासळी बाजारात जात आणि कोणी ओळखीचं भेटलंच तर "दुधाला चाललो" म्हणत. ते कुठे चाललेत हे सगळ्या गल्लीला माहीत होतं, कारण येताना मांजरं मागे असत. घरी आल्यावर डबा तीनदा घासायचा, हात पाचदा धुवायचे, आणि मग चिमट्यात एक झिंगा धरून टाकीत साहेबांच्या तोंडासमोर हलवत राहायचं. दहा मिनिटं, कधी वीस. आणि मग एकदम झिंगा नसायचा. मी समोर बसूनही तो क्षण कधी नीट पाहिला नाही. "जेवले," असं म्हणून नाना स्वतःचं ताट वाढून घेत.

पण मला सांगायचं आहे ते रविवारचं.

रविवारी सकाळी आठ वाजता टाकीतलं थोडं पाणी काढून कालवलेला समुद्र घालायचा आणि काच आतून पुसायची. त्यासाठी टाकीत हात घालावा लागतो. नानांचा नियम होता की हे काम एकट्याने करायचं नाही. "लाइनवर एकट्यानं चढायचं नसतं," ते म्हणत. "एक वर, एक खाली. वरचा काम करतो. खालचा बघतो. खालच्यानं काही करायचं नाही. नुसतं बघायचं. पण तो नसला तर वरच्यानं पहिली पायरीसुद्धा चढायची नाही."

मी खालचा माणूस होतो.

माझी जागा स्टुलावर, टाकीच्या डाव्या अंगाला. शेजारी थर्मासमध्ये गरम पाणी, कारण काटा लागला तर हात आधी सोसेल तितक्या गरम पाण्यात बुडवायचा असतो. नाना साहेबांच्या आणि स्वतःच्या मध्ये एक जाड प्लास्टिकचा पत्रा उभा घालत, बाही दंडापर्यंत वर करत, आणि काम सुरू करण्याआधी माझ्याकडे बघून विचारत, "खाली कोण?"

"मी आहे, नाना."

"बघतोस ना?"

"बघतोय."

मगच हात पाण्यात जाई. पहिल्या रविवारी मी साहेबांवरून नजर हटवली नाही, डोळ्यांत पाणी आलं तरी. मध्येच एक बुडबुडा सुटला आणि मी इतक्या जोरात "हलला!" म्हणून ओरडलो की नानांच्या हातातला स्पंज उडून माझ्या तोंडावर आला. पलीकडून अक्का ओरडल्या, "मेलं का कोनी?"

"अजून नाही!" नाना म्हणाले. आणि मला म्हणाले, "असंच ओरडायचं. चांगलं ओरडलास."

मला आयुष्यात फार थोड्या गोष्टींसाठी शाबासकी मिळाली आहे. त्यातली ही एक.

काम चालू असताना नाना खांबावरच्या गोष्टी सांगत. त्यांचा खालचा माणूस भिका नावाचा होता. अठरा वर्षं तो नानांच्या खाली उभा राहिला. बिडी ओढायचा नाही, कोणाशी बोलायचा नाही, मान वर करून उभा. "त्याची मान कायमची वाकडी झाली होती," नाना सांगत. "लग्नात फोटो काढला तर हा आकाशाकडे बघतोय." एकदा वादळात तार तुटली तेव्हा भिकाने खालून नुसती "नाना!" अशी हाक मारली, आणि नाना का ते न विचारता उडी मारून उतरले. हाक मारायला अर्धा क्षण उशीर झाला असता तर आज साहेबांना कोणी झिंगे घातले नसते. भिका निवृत्त झाल्यावर वर्षभरात गेला. हे सांगताना नाना काच जास्तच जोरात पुसत.

शेवटी पत्रा काढायचा, हात पुसायचा आणि मोठ्याने म्हणायचं, "लाइन चालू!" मग चहा, खारी, वर्तमानपत्राची वाटणी. माझ्या घरचे कसे आहेत, शेतातली केळी कशी आहेत, परीक्षा कधी. मी जेवायला मेसवर जायला उठलो की म्हणत, "आज इथंच टाक दोन घास, भात जास्त झालाय." भात दर रविवारी जास्त व्हायचा.

आता लिहिताना मला कळतंय की ते सगळं काम पाऊण तासाचं होतं, आणि हात पाण्यात असायचा तो फार तर दहा मिनिटं. मी मात्र साडेअकरापर्यंत तिथे असायचो. तेव्हा मी हा हिशेब केला नव्हता. मला वाटायचं, समुद्राला वेळ लागतो.

तिसऱ्या वर्षाचा निकाल लागला आणि मला एम.एस्सी.ला धुळ्याला प्रवेश मिळाला. घरी पेढे वाटले. मी नानांना पेढा द्यायला गेलो तेव्हा त्यांनी आधी अर्धा पेढा खाल्ला, मग उरलेला हातात धरून बसले.

"धुळ्याला चांगलं आहे," ते म्हणाले. "आमचा मुलूख." आणि हातातल्या पेढ्याकडे बघत, "मग रविवारी खाली कोण?"

मी म्हटलं, जायच्या आधी माणूस शोधून देतो. खोली तर रिकामी होणारच होती. माणूस मिळाला नाही तर साहेबांना परत पाठवावं लागेल, हे नानांनीच सांगितलं, अगदी सरळ आवाजात, जसं बल्ब गेला तर बदलावा लागेल असं सांगतात. नियम मोडायचा प्रश्नच नव्हता.

मी पंधरा दिवस माणूस शोधला. पहिल्यांदा अक्कांना विचारलं. "मी नाही बसायची त्या इखारी मढ्यापुढं," अक्का म्हणाल्या. "त्यापेक्षा त्याईले म्हना, माझ्याकडे येऊन बसा. मी काय चावते का?" हे मी नानांना जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, "विचार करावा लागेल," आणि केला नाही. मग कोपऱ्यावरचे निवृत्त हेडक्लार्क काका एक रविवार आले. ते स्टुलावर बसले, टाकीकडे पाठ केली आणि देशाचं कुठे काय चुकतंय ते सांगायला लागले. नानांनी बाही खाली केली, हात न घालता चहा पाजून पाठवलं. शेवटी खोली बघायला आलेला एक मुलगा बसवला. त्याने "बघतोय" म्हटलं, आणि तो मोबाइल बघत होता.

"खालचा माणूस वर बघतो," नाना मला म्हणाले. "हा खाली बघतो. जाऊ दे. साहेबांचं रिझर्वेशन कर."

म्हणून मी स्टेशनकडच्या मासेवाल्या दुकानात गेलो, मासा परत घेतात का विचारायला. दुकानदार तिशीतला, गोरापान, पोपटांना दाणे घालत होता. नानांचं नाव काढताच हसला.

"ते दगडवाले काका? त्यांना कोण विसरेल! आले होते तेव्हा मी गोल्डफिश दाखवला. म्हणाले, हा एकट्या माणसाला सांभाळता येतो का? म्हटलं, काका, लहान पोरगंही सांभाळेल. तर म्हणाले, मग नको."

"नको?"

"नको! म्हणाले, ज्याला दोन माणसं लागतात असा दाखव. मी म्हटलं, काका, मासा आहे, बैलगाडी थोडीच. ते हटेनात. तेव्हा मी थट्टेत बोलून गेलो की एक आहे असा, विषारी, त्याच्या टाकीत एकट्यानं हात घालायचा नाही, शेजारी माणूस पाहिजेच. मला वाटलं, घाबरून जातील. त्यांनी मला ते पुन्हा सांगायला लावलं. माणूस पाहिजेच ना? पाहिजेच, म्हटलं. म्हणाले, मागव. दीड महिना लागला मुंबईहून यायला. रोज येऊन विचारायचे."

पोपट ओरडत होते. दुकानदार म्हणाला, आणा, घेऊन टाकू परत. मी म्हटलं, सांगतो. काहीतरी विकत घ्यावं असं वाटलं म्हणून टाकीच्या मिठाची एक पिशवी घेतली आणि ती छातीशी धरून चालत घरी आलो. मला लाज वाटत होती. कसली ते नीट सांगता येत नाही. कदाचित याची की तीन वर्षं मी त्या स्टुलावर बसून फक्त माशाकडे बघत होतो.

नानांना मी काही सांगितलं नाही. काय सांगणार?

जायच्या आदल्या दिवशी रविवार होता. आठला पाच कमी असताना मी बैठकीत गेलो, तर टाकी लखलखत होती. पाणी बदललेलं, पत्रा काढून ठेवलेला. फरशीवर पाणी सांडलं होतं आणि नाना खुर्चीत बसून उजवा हात टॉवेलने पुसत होते.

"झालं," ते म्हणाले. "एकट्यानं केलं. काही होत नाही रे. उगाच तुला तीन वर्षं बसवलं. आता दुसरं माणूस लागत नाही. जा तू आरामात. मागं बघू नको."

कॉलेजला आल्यापासून मी बोलताना फार जपतो. शब्द आधी मनात लावून मग बोलतो, गावची बोली बाहेर पडू नये म्हणून. पण त्या वेळी माझ्या तोंडून निघालं ते वडिलांच्या शेतातलं होतं. "येड लागलं का तुमाले? लाइनवर एकटं चढतं का कोनी? काटा लागला असता म्हंजे? मी काय तोंड दाखोलं असतं?" मी नानांवर ओरडत होतो. माझ्यापेक्षा चाळीस वर्षांनी मोठ्या माणसावर. पलीकडे अक्कांचं भांडं घासणं थांबलं.

नाना माझ्याकडे बघत राहिले. रागावलेले दिसले नाहीत. कोणीतरी पुष्कळ दिवसांनी ओळख दाखवावी तसे दिसले.

"मग काय करू?" त्यांनी विचारलं. खरंच विचारलं.

मी त्यांच्यासमोर जमिनीवर, ओल्यातच बसलो. म्हटलं, धुळ्याहून सकाळी लवकरची गाडी असते. दर रविवारी जमेल असं मी म्हणत नाही. पंधरा दिवसांनी जमेल. नाना म्हणाले, पंधरा दिवस पाणी चालेल का? मी म्हटलं, साहेबांना थांबायची सवय आहे, दुसरं काय करतात ते? नाना थोडं हसले.

"पण एकट्यानं हात घालायचा नाही," मी म्हटलं. "शपथ घ्या."

"नही घालत," नाना म्हणाले.

इथे हे संपलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण मला खरं लिहायचं आहे. पहिले दोन महिने मी गेलो, ठरल्याप्रमाणे. मग प्रॅक्टिकल सुरू झाली, एक रविवार चुकला. पुढच्या खेपेला वर्गातल्या मित्राच्या बहिणीचं लग्न होतं. त्याच्या पुढच्या खेपेला काहीच नव्हतं. मी झोपलो होतो, आणि उठलो तेव्हा गाडी निघून गेली होती. प्रत्येक वेळी मी फोन केला. प्रत्येक वेळी नाना म्हणाले, "अभ्यास महत्त्वाचा. इकडे सगळं बरं आहे." मी मानून घेतलं, कारण मानून घेणं सोपं होतं.

परवा फोनवर मी सहज विचारलं, "नाना, पाणी कोणी बदललं?"

"कोणी नाही."

"म्हणजे? दीड महिना?"

"वरून साधं पाणी ओततो, हात न लावता. झिंगा चिमट्यानं देतो." मग म्हणाले, "शपथ घेतली होती ना."

"अन् काच?"

"हिरवीगार. आतलं काही दिसत नाही."

"मग साहेब आहेत का नाहीत, कसं कळतं?"

"झिंगा जातो," नाना म्हणाले. "म्हणजे असतील."

मी विचारलं, शनिवारीच आलो तर चालेल का, मुक्कामाला. तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ते उठून उभे राहिले असावेत, खोलीत फिरत बोलत असावेत.

"ये," ते म्हणाले. "समुद्र कालवून ठेवतो. तू ये, मंग दोन्हीजन दखूत."